राइड नवी की फक्त नाव नवं?

एस्सेलवर्ल्डची टीव्हीवरची जाहिरात आठवते? गोराईचं हे पार्क 1989 मध्ये सुरू झालं आणि 2022 मध्ये बंद झालं. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडची ‘स्प्लॅश माउंटन’ ही पाण्यातली राइडही 1989 चीच. ती मात्र आजही चालते, नाव बदलून!

ती 1946 च्या ज्या सिनेमावर बेतली होती, त्यावर वर्णद्वेषाची टीका होती. म्हणून 2023 मध्ये ती थांबवली आणि 2024 मध्ये ‘टियानाज बायू ॲडव्हेंचर’ नावाने उघडली. पाण्याची वाट आणि मोठी उडी तीच. पात्रं, गाणी, सजावट नवी. फायदा? सांगाडा पुन्हा उभारायला नको आणि जुने प्रेक्षक नवं काय ते बघायला परत येतात.

माहूरसारख्या यात्रेच्या गावांचं गणित वेगळं. ब्रेकडान्स, टोराटोरा, ड्रॅगन ट्रेन गावोगाव फिरतात. दर मुक्कामाला खोलायचे, पुन्हा जोडायचे. त्यामुळे इथे नव्या रंगापेक्षा नट-बोल्ट महत्त्वाचे. बसल्यावर समोरचा दांडा नीट लॉक होतो का, पाळणा सुरू करण्याआधी कुणी तो ओढून बघतं का, एवढं पाहा. नसेल, तर सरळ उतरा. तिकिटाचे पैसे गेले तरी चालतील.