प्रवासी ट्रेलरचे टायर

प्रवासी ट्रेलरचे टायर म्हणजे मोटारीच्या किंवा पिकअप ट्रकच्या मागे जोडून ओढल्या जाणाऱ्या, निवासाची सोय असलेल्या बिनइंजिनाच्या वाहनाला बसवले जाणारे टायर होत. अशा वाहनाला अमेरिकेत आणि कॅनडात 'ट्रॅव्हल ट्रेलर', तर ब्रिटनमध्ये 'कॅरव्हॅन' म्हणतात. मोटारीचे टायर बहुधा नक्षी झिजल्यामुळे बदलावे लागतात. ट्रेलरचे टायर मात्र नक्षी शाबूत असतानाच वयामुळे, अतिभारामुळे किंवा हवा कमी पडल्यामुळे निकामी होतात. म्हणून ते कधी बदलावेत आणि त्यांच्या जागी कोणते घ्यावेत, हे नुसते पाहून ठरवता येत नाही. त्यासाठी उत्पादनाची तारीख, ट्रेलरचे प्रत्यक्ष वजन आणि टायरवर छापलेली भारक्षमता या तीन गोष्टींचा एकत्र विचार करावा लागतो.

कामाचे स्वरूप

ट्रेलरची चाके वाहनाला गती देत नाहीत आणि दिशाही देत नाहीत. ती केवळ भार वाहतात. मोटार अनेकदा एकट्या चालकाला घेऊन धावते. ट्रेलरवर मात्र पलंग, स्वयंपाकघर, पाण्याची टाकी आणि गॅस सिलिंडर यांचे वजन कायम असते. त्यामुळे त्याचे टायर बहुतेक वेळा आपल्या कमाल क्षमतेच्या जवळपास काम करतात. ट्रेलर डोलू नये म्हणून या टायरच्या बाजूच्या भिंती अधिक ताठ ठेवलेल्या असतात.

अनेक ट्रेलरना दोन अॅक्सल अगदी जवळजवळ बसवलेले असतात. जागा कमी असताना गाडी वळवली की ही चाके गोल न फिरता रस्त्यावर आडवी घासली जातात. त्या वेळी टायरच्या आतील थरांवर मोठा ताण येतो. त्याची खूण बाहेर दिसेलच असे नाही.

पुढच्या वाहनाच्या चालकाला ट्रेलरच्या टायरमधील बिघाड सहसा लगेच जाणवत नाही. अमेरिकेत नव्या मोटारींना टायरमधील दाब कमी झाल्याची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची आहे, पण ट्रेलरना हा नियम लागू नाही. टायर फुटल्यावर त्याच्या नक्षीचा पोलादी तारांसह सुटलेला पट्टा चाबकासारखा आपटतो. त्यामुळे चाकावरचे आवरण, तळाची फळी, विजेच्या तारा, पाण्याचे नळ आणि गॅसची नळी यांचे नुकसान होऊ शकते. शिवाय फुटलेल्या टायरचा भार त्याच बाजूच्या दुसऱ्या टायरवर पडतो आणि तोही निकामी होण्याची शक्यता वाढते.

वयाचा परिणाम

रबराचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन ते हळूहळू कडक आणि ठिसूळ होते. ही क्रिया बाहेरच्या पृष्ठभागापुरती मर्यादित नसते. टायरमध्ये दाबाखाली भरलेल्या हवेतील ऑक्सिजन आतून बाहेर झिरपत पोलादी पट्ट्यांभोवतीच्या रबरापर्यंत पोहोचतो. उष्णतेमुळे या क्रियेचा वेग वाढतो. पट्टे धरून ठेवणारे रबर दुबळे झाले की वेग आणि भार यांमुळे थर एकमेकांपासून सुटू लागतात.

बाहेरच्या बाजूने ओझोन वायू आणि सूर्यप्रकाश रबराला तडे पाडतात. त्यांपासून बचाव व्हावा म्हणून रबरात मेण आणि ओझोनरोधक रसायने मिसळलेली असतात. टायर चालताना लवचिकपणे दबतो आणि सुटतो, तेव्हा ही द्रव्ये पृष्ठभागावर येत राहतात. ट्रेलर महिनोन् महिने एका जागी उभा असतो. त्यामुळे हे संरक्षण पुरेसे मिळत नाही. कमी वापरलेला टायर अधिक टिकतो, ही समजूत म्हणूनच ट्रेलरच्या बाबतीत फसवी ठरते.

उत्पादनाची तारीख ओळखणे

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या टायरवर 'डीओटी' या अक्षरांनी सुरू होणारा ओळख क्रमांक असतो. सन २००० पासून त्याचे शेवटचे चार अंक उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष दाखवतात. उदाहरणार्थ, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. त्यापूर्वीच्या टायरवर तीनच अंक असत. तसा टायर आज आढळल्यास तो वापरातून काढणेच योग्य.

संपूर्ण क्रमांक टायरच्या एकाच बाजूला असू शकतो. ती बाजू आत बसवलेली असल्यास ट्रेलरखाली वाकून पाहावे लागते. वय उत्पादनाच्या तारखेपासून मोजले जाते, खरेदीच्या तारखेपासून नव्हे. दुकानातील न वापरलेला टायरही कित्येक महिन्यांचा असू शकतो. म्हणून तो बसवण्यापूर्वीच हे अंक वाचणे हिताचे असते. स्टेपनीलाही वयाचा हाच नियम लागू होतो.

बदलण्याचे निकष

अमेरिकेत ट्रेलरच्या टायरच्या वयावर केंद्रीय कायद्याची मर्यादा नाही. व्यवहारात मात्र तिसऱ्या वर्षापासून बारकाईने तपासणी करण्याचा आणि पाच ते सहा वर्षांत टायर बदलण्याचा सल्ला प्रचलित आहे. ब्रिटनमधील कॅरव्हॅन अँड मोटरहोम क्लब पाच वर्षांनी टायर बदलण्याची आणि सात वर्षांपलीकडे ते मुळीच न वापरण्याची शिफारस करतो. जर्मनीत ट्रेलर जोडलेल्या मोटारीला महामार्गावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा असते. ती ताशी १०० किलोमीटरपर्यंत वाढवून मिळण्यासाठी इतर अटींबरोबर ट्रेलरचे टायर सहा वर्षांहून कमी वयाचे असावे लागतात.

वय कमी असले तरी पुढील खुणा दिसताच टायर बदलावा लागतो :

* बाजूच्या भिंतीवर किंवा नक्षीवर फुगवटा येणे. ही आतील थर सुटल्याची खूण असते.
* आतील धागे किंवा पोलादी तारा दिसणे, अथवा तेथवर पोहोचणारे खोल तडे पडणे.
* नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत खाली येणे. ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत ही कायदेशीर किमान मर्यादा आहे.
* हवा फारच कमी असताना किंवा शेजारचा टायर फुटल्यावर काही अंतर धावणे. अशा टायरचे आतील नुकसान बाहेरून दिसत नाही.
* एकाच कडेची किंवा मधूनमधून झीज होणे. येथे टायरबरोबर अॅक्सल, बेअरिंग आणि हवेचा दाबही तपासावा लागतो. अन्यथा नवा टायरही तसाच झिजतो.

भारक्षमता आणि राखीव क्षमता

टायरच्या बाजूवर कमाल भार आणि त्यासाठी लागणारा थंड अवस्थेतील दाब छापलेला असतो. ट्रेलरच्या टायरची ताकद 'लोड रेंज' या अक्षराने दर्शवली जाते. सर्वसाधारण आकारांत सी म्हणजे ५० पीएसआय, डी म्हणजे ६५ पीएसआय आणि ई म्हणजे ८० पीएसआय दाबाचा टायर होय.

अमेरिकेत दोन अॅक्सलच्या मध्यम ट्रेलरवर एसटी २०५/७५ आर १४, लोड रेंज सी, हा टायर पुष्कळदा दिसतो. त्याची क्षमता १,७६० पौंड, म्हणजे सुमारे ७९८ किलोग्रॅम असते. चार टायर मिळून ती ७,०४० पौंड होते. प्रत्येकी ३,५०० पौंडांचे दोन अॅक्सल पूर्ण भरले तर त्यांच्यावर ७,००० पौंड भार येतो. म्हणजे शिल्लक राहतात अवघे ४० पौंड, साधारण १८ किलोग्रॅम. पाण्याने भरलेल्या एका बादलीएवढे. सामान एका बाजूला अधिक असल्यास त्या बाजूच्या टायरवर ही मर्यादा ओलांडलीही जाते.

त्याच आकाराच्या लोड रेंज डी टायरची क्षमता २,०४० पौंड असते. चार टायर मिळून ८,१६० पौंड होतात आणि १६ टक्क्यांहून अधिक क्षमता राखीव राहते. किमान १० टक्के क्षमता राखीव असावी, असे सामान्यतः मानले जाते. म्हणून पहिले टायर वय होण्याआधीच निकामी झाले असतील, तर पुन्हा तोच टायर बसवण्याऐवजी एक पायरी वरचा निवडणे श्रेयस्कर ठरते. मात्र टायरची क्षमता वाढल्याने अॅक्सलची किंवा ट्रेलरची वजनमर्यादा वाढत नाही.

खरा भार समजण्यासाठी प्रवासाला निघताना असते तसे पूर्ण सामान आणि पाणी भरून ट्रेलर वजनकाट्यावर न्यावा लागतो. एकूण वजनापेक्षा प्रत्येक चाकावरचे वजन स्वतंत्रपणे मोजणे अधिक उपयुक्त असते.

टायरचे प्रकार

'स्पेशल ट्रेलर' म्हणजेच एसटी टायर खास ट्रेलरसाठी बनवलेले असतात. समान आकारात आणि समान दाबाला त्यांची भारक्षमता हलक्या ट्रकच्या, म्हणजे एलटी टायरपेक्षा अधिक असते. २३५/८५ आर १६ या आकाराच्या लोड रेंज ई टायरमध्ये एसटीची क्षमता सुमारे १,६५० किलोग्रॅम, तर एलटीची सुमारे १,३८० किलोग्रॅम असते.

असे असूनही जड ट्रेलरचे काही मालक एलटी टायर पसंत करतात. अमेरिकेत २००० सालच्या टायरविषयक सुरक्षा कायद्यानंतर मोटारी आणि हलके ट्रक यांच्या टायरसाठी अधिक कडक चाचण्या लागू झाल्या. एसटी टायर त्यांतून वगळले गेले आणि जुन्या मानकांखाली राहिले. एलटी टायर निवडताना मात्र त्याची कमी भारक्षमता पुरेशी आहे की नाही, हे आधी पाहावे लागते. मोटारीचा साधा टायर ट्रेलरला लावल्यास अमेरिकी नियमांनुसार त्याची छापील क्षमता १.१० ने भागून धरावी लागते.

रचनेच्या दृष्टीने रेडियल टायर कमी तापतात, तर तिरप्या थरांच्या जुन्या पद्धतीच्या टायरच्या बाजू अधिक ताठ असतात. एकाच अॅक्सलवर या दोन प्रकारांची सरमिसळ करू नये.

वेग

वेगाचे चिन्ह नसलेल्या एसटी टायरसाठी ताशी ६५ मैल, म्हणजे सुमारे १०५ किलोमीटर ही कमाल मर्यादा धरली जाते. अलीकडच्या अनेक टायरवर वेगचिन्ह असते : एल म्हणजे ताशी १२०, एम म्हणजे १३० आणि एन म्हणजे १४० किलोमीटर. वेग वाढला की टायरमधील उष्णता वाढते. त्यामुळे हे चिन्ह जलद जाण्याची मुभा नसून सुरक्षिततेची शिल्लक समजावी.

रिम, व्हॉल्व्ह आणि हवा

वरच्या लोड रेंजचा टायर बसवण्यापूर्वी रिम तेवढा दाब आणि भार सोसू शकते का, हे पाहावे लागते. ओढून बसवण्याचे सामान्य रबरी व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतच चालतात. त्यावरील दाबासाठी धातूचे व्हॉल्व्ह लागतात. मोठा टायर घेतल्यास दोन टायरमधील आणि वरच्या आवरणापर्यंतचे अंतर पुरेसे आहे का, याची खात्री करावी लागते. नवे चाक बसवल्यावर थोडे अंतर जाऊन नट ठरलेल्या मापाने पुन्हा आवळले जातात.

भारक्षमता हवेच्या दाबावर अवलंबून असते. वर उल्लेखिलेला २०५/७५ आर १४ टायर ५० पीएसआयला ७९८ किलोग्रॅम भार पेलतो, तर ३५ पीएसआयला केवळ सुमारे ६५० किलोग्रॅम. दाब निघण्यापूर्वी, टायर थंड असताना मोजावा. वाटेत टायर तापल्यामुळे वाढलेली हवा काढून टाकू नये, कारण थंड झाल्यावर तोच टायर कमी हवेचा ठरतो.

साठवण

ट्रेलर दीर्घकाळ उभा ठेवायचा असल्यास चाकांवर उन्हापासून बचावासाठी आच्छादन घालतात, हवा पूर्ण दाबाने भरून ठेवतात आणि शक्य असल्यास टायरवरचा भार जॅकवर घेतात. ते जमत नसेल तर ट्रेलर अधूनमधून थोडा पुढे-मागे हलवतात. त्यामुळे टायर एकाच जागी चपटा होत नाही. हे उपाय झीज मंदावतात. टायरचे वय मात्र थांबवत नाहीत.

भारतातील संदर्भ

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. भारतातील बऱ्याच कॅरव्हॅन स्वतःचे इंजिन असलेल्या आहेत. त्यांना एसटी टायर नव्हे, तर त्या त्या वाहनाच्या उत्पादकाने सांगितलेले टायर लागतात. तरीही वयाचा मुद्दा येथेही तितकाच लागू पडतो. भारतात विकल्या जाणाऱ्या टायरवरही आठवडा आणि वर्ष दर्शवणारे चार अंक असतात. केवळ सुट्टीत बाहेर काढल्या जाणाऱ्या आणि एरवी उन्हात उभ्या असलेल्या कोणत्याही वाहनाच्या बाबतीत नक्षीइतकेच ते अंकही तपासणे आवश्यक ठरते.