तापीतीर आणि आपली वही



आपल्या लोधीपुऱ्यासह सारे बुऱ्हाणपूर तापीमाईच्या आश्रयाने वसले आहे. मुलताई येथे उगम पावून सुमारे ७२४ कि.मी. वाहत ती सुरतेजवळ समुद्रास मिळते. आषाढ शुद्ध सप्तमीस आपण तिची जयंती साजरी करतो. परंतु उरलेल्या वर्षात तिचे पाणी केव्हा गढूळ झाले, केव्हा निवळले, काठावरील कोणत्या वृक्षास प्रथम पालवी फुटली, हे आपल्यापैकी किती जणांस सांगता येईल? जे नित्य दिसते, ते आपण पाहतोच असे नाही. पाहण्याची सवय लावणारे एक सोपे साधन म्हणजे लेखन होय.

याचे उत्तम उदाहरण विदुषी दुर्गाबाई भागवत (१९१०–२००२) यांचे आहे. त्यांचा जन्म इंदूरचा. आदिवासी जीवनाच्या अभ्यासासाठी मध्य प्रांतात हिंडताना त्यांना विषबाधा झाली व दीर्घ आजारपण सोसावे लागले. पुढे १९५६ साली त्यांचे ‘ऋतुचक्र’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. चैत्रापासून एकेका महिन्याची झाडे, फुले, पाखरे व आकाश त्यात बारकाईने टिपलेले आहे. त्यासाठी त्या हिमालयात गेल्या नाहीत. भोवतालचेच त्यांनी मन लावून पाहिले.

समर्थ रामदासस्वामींनी दासबोधाच्या अकराव्या दशकातील ‘चंचळ नदी’ या समासात नदीचे रूपक योजले आहे. ओघाबरोबर वाहून जाणारे पुष्कळ, उलट पोहत उगमापर्यंत जाणारा विरळा, असा त्याचा आशय आहे. आत्मपरीक्षणही असेच प्रवाहाविरुद्धचे पोहणे होय.

यासाठी एक साधी वही पुरे. दर्शनानंतर दहा मिनिटे घाटावर बसावे. प्रथम तिथी लिहावी, मग प्रत्यक्ष पाहिलेल्या दोन-तीन गोष्टी. ‘नदी सुंदर दिसत होती’ असे न लिहिता पाणी कोणत्या पायरीपर्यंत होते, ते लिहावे. शेवटी आपल्या मनाची स्थिती एका वाक्यात नोंदवावी. महिन्याने मागील पाने वाचली असता ध्यानात येते की, ज्या दिवशी काहीच दिसले नाही, त्या दिवशी मन राग वा चिंतेने भरलेले होते. नदीची वही अशी हळूहळू आपलीच वही होते.

मात्र ही नोंद खरी असावी. घाटावर निर्माल्य व प्लास्टिक दिसले, तर तेही लिहावे. ते स्वहस्ते लिहिणाऱ्यास पुन्हा पाण्यात काही टाकणे जड जाईल. तसेच आपल्या घरांतील मुले बहुधा हिंदी वा इंग्रजी माध्यमात शिकतात. महिन्यांची, नक्षत्रांची, झाडांची मराठी नावे आजी-आजोबांना विचारून त्यांनी वहीत उतरविली, तर तो ठेवा पुढच्या पिढीस लाभेल.

येत्या प्रतिपदेपासून प्रत्येक कुटुंबाने अशी एक वही सुरू करावी, अशी आमची नम्र विनंती आहे. ती कोणास दाखविण्याची आवश्यकता नाही.