चेंडू पायात नसताना

फुटबॉलचा सामना बघताना डोळे आपोआप चेंडूमागे धावतात. सारा ब्यॉर्क गुन्नार्सदोतिरचे जुने सामने लावले की मी मुद्दाम चेंडू सोडून देते आणि फक्त तिच्याकडे बघत राहते. (आइसलँडमध्ये पंतप्रधानांनाही पहिल्या नावानेच हाक मारतात, म्हणून मीही तिला साराच म्हणते.) ती मधल्या फळीत खेळते. चेंडू तिच्याकडे यायच्या आधी मान वळवून खांद्यामागे बघते आणि लगेच पुन्हा एकदा बघते. त्यामुळे चेंडू पायाशी येईपर्यंत अंग अर्धं वळलेलं असतं आणि पुढचा पास कुठे द्यायचा हे ठरलेलं असतं. गोलकीपरने लांब मारलेला चेंडू हवेत असताना दोघीजणी त्यासाठी उड्या मारतात. सारा मात्र तो त्यांच्या डोक्याला लागून जिथे उडणार, त्या दिशेने आधीच निघालेली असते. सामनाभर हे चालू असतं. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत यातलं काही येत नाही.

कधीतरी येतं. ३० ऑगस्ट २०२०, सान सेबास्तियान, महिला चॅम्पियन्स लीगची अंतिम फेरी. कोरोनामुळे स्टेडियम रिकामं होतं. फ्रान्सचा ल्यों २-१ने पुढे होता आणि समोर होता जर्मनीचा वोल्फ्सबुर्ग, म्हणजे साराचा चार वर्षांचा क्लब. तो सोडून ती त्याच उन्हाळ्यात ल्योंकडे आली होती. ८८व्या मिनिटाला ल्योंच्याच यूजेनी ल सोमेरने फटका मारला, गोलसमोर उभ्या असलेल्या साराने त्याला पाय लावून दिशा दिली आणि ३-१ झालं. त्या क्षणी तिथे असणं हेच तिचं कसब. महिलांची चॅम्पियन्स लीग जिंकणारी ती पहिली आइसलँडची खेळाडू ठरली.

तोवरची वाट लांबची होती. हाफ्नारफ्योर्दुर गावातला हाउकार क्लब, मग ब्रेदाब्लिक, पुढे स्वीडनमध्ये माल्मो आणि त्यानंतर जर्मनी. देशासाठी ती २००७मध्ये, सोळाव्या वर्षी पहिल्यांदा खेळली. दोनच वर्षांनी आइसलँडच्या मुली युरो स्पर्धेत उतरल्या. चार लाखांहूनही कमी वस्तीच्या या देशाचा पुरुष संघ तिथे पोचला २०१६मध्ये. पुरुष संघाचं जगभर कौतुक झालं ते योग्यच होतं, पण वाट आधी मुलींनी काढली होती हे सांगायचं बहुतेक जण विसरले.

२०२१मध्ये ल्योंकडे असताना सारा गरोदर राहिली. क्लबच्या संमतीने ती मायदेशी गेली. पुढे काय झालं ते तिनेच जानेवारी २०२३मध्ये सविस्तर लिहिलं. एका महिन्यात क्लबकडून पगार आला नाही, सामाजिक सुरक्षा योजनेतून थोडीशी रक्कम तेवढी जमा झाली. काहीतरी चुकलं असेल असं वाटून तिने संघातल्या मैत्रिणींना विचारलं, तर त्यांचे पगार झाले होते. पुढच्या महिन्यातही तेच. फिफाकडे गेलीस तर ल्योंमध्ये तुला भवितव्य नाही, असा निरोप मिळाल्याचंही तिने लिहिलं आहे. आपण फ्रेंच कायद्याप्रमाणेच वागलो, अशी क्लबची बाजू होती.

इथे मला तिचा मैदानावरचा खेळ आठवतो तो शांतपणासाठी. तिने आरडाओरडा केला नाही. खेळाडूंची जागतिक संघटना फिफप्रो हिच्यामार्फत तिने फिफाकडे दावा दाखल केला. दाव्याला आधार अगदी नवा होता. १ जानेवारी २०२१पासून फिफाने क्लबांना किमान १४ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा बंधनकारक केली होती, तीही निदान दोन तृतीयांश पगारावर. आपल्याकडच्या कायद्यातल्या २६ आठवड्यांपुढे हे तोकडंच, पण फिफाच्या नियमांत त्याआधी एवढंही नव्हतं. रजा सुरू होईपर्यंतच्या महिन्यांचं काय, हा खरा वाद होता. गरोदर खेळाडूला मैदानात उतरणं शक्य नसेल तर क्लबने तिच्या जोगं दुसरं काम काढायचं आणि पगार पूर्ण द्यायचा, या बाजूने मे २०२२मध्ये निकाल लागला. ल्योंला ८२ हजार युरोंहून अधिक रक्कम व्याजासह द्यावी लागली.

मुलगा झाला नोव्हेंबर २०२१मध्ये. पुढच्या जुलैत, बाळंतपणाला आठ महिनेही झाले नव्हते तेव्हा, ती युरोमध्ये बेल्जियमविरुद्ध कर्णधाराचा पट्टा बांधून उभी होती. त्या सामन्यातही मी तिच्याकडेच बघत होते. मान वळवून मागे बघण्याची सवय तशीच होती. गरोदरपणानंतर पोटाचे आणि ओटीपोटाचे स्नायू पूर्वपदावर यायला किती वेळ लागतो, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना त्या धावण्याची किंमत वेगळी सांगायला नको. आइसलँडने गटातले तिन्ही सामने १-१ असे बरोबरीत सोडवले आणि एकही न हरता संघ घरी परतला. शरद ऋतूत आधी नेदरलँड्सविरुद्ध भरपाई वेळेत खाल्लेला गोल आणि मग पोर्तुगालकडून झालेला पराभव, यात विश्वचषकाची संधी गेली. साराला विश्वचषक कधीच खेळता आला नाही, याची मला अजून चुटपुट लागते. देशासाठी १४५ सामने खेळून ती जानेवारी २०२३मध्ये थांबली. तोवर आइसलँडच्या कोणत्याही खेळाडूने, पुरुष वा स्त्री, इतके सामने खेळले नव्हते.

क्लब फुटबॉलमध्ये ल्योंनंतर ती युवेंटसकडे आणि मग सौदी अरेबियात खेळायला गेली. फिफाने २०२४मध्ये नियम आणखी वाढवले आणि दत्तक मूल घेणाऱ्या खेळाडूंसाठीही पगारी रजा त्यात आणली. आता एखाद्या क्लबने गरोदर खेळाडूचा पगार अडवला, तर तिच्या वकिलाला दाखवायला साराचा निकाल आहे.