गाडी एका बाजूला ओढते? अलाइनमेंटला नेण्याआधी हे वाचा

पिकअपवर पोट असलेल्या घराचा हिशोब साधा असतो. भाडं आलं की आधी डिझेल, मग हप्ता, मग विमा, थोडं टायरसाठी बाजूला, आणि उरलं ते घरात. यातला टायरचा खर्च ठरल्या वेळी आला तर माणूस सांभाळून घेतो. पण नवा टायर अर्ध्या वयातच एका कडेने टक्कल पडून बाद झाला, की सगळं गणित कोलमडतं.

आम्ही शिक्षक माणसं, गॅरेजवाले नाही. पण आमच्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील पिकअप किंवा छोटा हत्ती चालवतात. पालकसभेनंतर गप्पा निघाल्या की तक्रार एकच असते: "सर, गाडी डावीकडे ओढते. अलाइनमेंट केली, पैसे दिले, दोन दिवसांत पुन्हा तेच." मिस्त्रींशी बोलून, पुस्तकं चाळून आम्हाला जे समजलं ते इथे मांडतो. सगळ्याचं सार एका ओळीत सांगायचं तर असं: गाडी ओढते म्हणजे अलाइनमेंटच बिघडली असं नाही, आणि गाडी ओढत नाही म्हणजे अलाइनमेंट ठीक आहे असंही नाही.

नेमकं काय होतंय ते आधी ठरवा

"स्टेअरिंगचा त्रास आहे" एवढंच सांगितलं तर मिस्त्री अंदाजानेच काम करणार. त्रास तीन प्रकारचे असतात. पहिला ओढणं: सरळ सपाट रस्त्यावर पकड सैल केली की गाडी दर वेळी एकाच बाजूला जाते. दुसरा भटकणं: गाडी कधी इकडे, कधी तिकडे जाते आणि सारखं सावरावं लागतं. इथे बहुतेक वेळा स्टेअरिंगचे किंवा पुढच्या चाकांचे सांधे झिजलेले असतात. तिसरा थरथरणं: ठरावीक वेग आला की स्टेअरिंग कापतं. त्याचं पहिलं कारण व्हील बॅलन्सिंग, अलाइनमेंट नव्हे.

आणखी एक गोष्ट. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता ठेवतात. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे गाडी हळूहळू डावीकडे सरकणं हे काही अंशी रस्त्याचंच काम असतं. म्हणून तपासणी सपाट, मोकळ्या मैदानावर किंवा रिकाम्या रस्त्यावर, कमी वेगात करा. हात स्टेअरिंगवरच ठेवा, फक्त पकड ढिली करा. हायवेवर हात सोडून बघण्याचा प्रकार कधीही करू नका.

पायरी पहिली: हवा आणि टायर

ज्या बाजूच्या पुढच्या टायरमध्ये हवा कमी, त्या बाजूला गाडी ओढते. हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी तपासा, कारण चालून टायर तापला की हवेचा दाब वाढलेला दिसतो. किती हवा भरायची ते गाडीच्या पुस्तकात किंवा दरवाज्याजवळच्या स्टिकरवर असतं. पुढच्या-मागच्या चाकांचा, रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा असू शकतो. टायरच्या अंगावर छापलेला आकडा हा त्या टायरची कमाल मर्यादा असते. तो आपल्या गाडीचा आकडा समजू नये.

काही जण एका बाजूची हवा मुद्दाम कमी-जास्त करून ओढ "काढतात". हा इलाज नव्हे, दुखणं लपवणं आहे. कमी हवेचा टायर भारासकट पळताना तापतो आणि फुटू शकतो.

हवा बरोबर असूनही ओढ असेल तर पुढची दोन्ही चाकं आपसात बदलून पाहा. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. ओढण्याची दिशा उलटली किंवा ओढ गेली, तर दोष टायरमध्ये आहे. रेडियल टायरच्या आतले थर किंचित एका बाजूला सरकलेले असले की तो शंकूसारखा एका कडेला वळत चालतो, आणि बाहेरून डोळ्याला काही दिसत नाही. अशा वेळी अलाइनमेंटवर कितीही पैसे घाला, फरक पडणार नाही. मात्र टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो असा बदलू नये. आणि चाकं काढली-बसवली की थोडं अंतर चालवून नट पुन्हा कसून घ्यायला विसरू नका.

पायरी दुसरी: ब्रेक

गाडी फक्त ब्रेक मारल्यावर ओढत असेल तर अलाइनमेंटवाल्याकडे जाण्याआधी ब्रेकवाल्याकडे जा. इथे एक गफलत नेहमी होते. गाडी डावीकडे ओढली की डावा ब्रेक खराब, असं आपण धरतो. बहुतेक वेळा डावा ब्रेक नीट लागत असतो, उजवा लागत नसतो. उजवीकडचा कॅलिपर किंवा सिलिंडर अडकलेला असतो, नाहीतर लायनरवर तेल आलेलं असतं. म्हणून दोन्ही बाजू उघडून पाहायला सांगा.

याच्या उलट, ब्रेक न मारताही एका चाकाचा ब्रेक घासत राहिला तर गाडी सतत त्याच बाजूला ओढते. काही किलोमीटर चालवून थांबा आणि दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात न टेकवता नुसता न्या. एक चाक दुसऱ्यापेक्षा फार तापलेलं जाणवलं तर दोष सापडला.

मालेगावहून कापडाच्या गाठी भरून भिवंडीकडे जाणाऱ्या गाडीला वाटेत कसारा घाट उतरावा लागतो. भरलेल्या गाडीचा ब्रेक उतारावर एका बाजूला ओढला तर सावरायला जागा किती असते, हे चालवणाऱ्याला सांगायला नको. ही तक्रार "पुढच्या महिन्यात बघू" म्हणून ठेवण्याची नाही.

पायरी तिसरी: सांधे, पाटे आणि भार

पुढचं चाक जॅकवर उचलून, बाकीच्या चाकांना दगड लावून, मिस्त्रीकडून चाक हलवून बघा. वर-खाली धरून हलवल्यावर खटखट आली तर बेअरिंग, बॉल जॉइंट किंवा किंगपिनचा बुश झिजलेला असण्याची शक्यता. दोन्ही बाजूंना आडवं धरून हलवल्यावर आली तर टाय रॉड एंड. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कुणीही जाऊ नये.

मग पाटे बघा. पाट्याचा सेंटर बोल्ट तुटला किंवा यू-बोल्ट ढिला झाला की एक्सल जागेवरून सरकतो. मागचा एक्सल सरकला तर गाडी सरळ रस्त्यावरही तिरकी चालते. मागून येणाऱ्याला ते लगेच दिसतं, चालवणाऱ्याला कळत नाही. चाकं सरळ ठेवून टेपने पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी अंतर मोजा. ठळक फरक आला तर आधी पाट्यांचं काम, मग बाकी सगळं.

भाराचंही तसंच. माल एका अंगाला जास्त भरला तर गाडी त्या अंगाला झुकते आणि ओढते. मागे फार वजन टाकलं तर पुढचा भाग उचलला जातो, पुढच्या चाकांवरचा भार घटतो आणि स्टेअरिंग हलकं, भटकं होतं. ओव्हरलोडला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे, हेही हिशोबात धरा.

आता अलाइनमेंट

वरचं सगळं ठीक केल्यावरच अलाइनमेंटचा उपयोग. झिजलेल्या सांध्यांवर केलेली अलाइनमेंट पहिल्या खड्ड्यात बदलते. "दोन दिवसांत पुन्हा तेच" होतं ते यामुळेच.

अलाइनमेंटमध्ये तीन कोन मोजतात. पहिला टो. उभं राहून पायाचे पंजे आत किंवा बाहेर वळवा, चाकांचं तसंच वळणं म्हणजे टो. दुसरा कॅम्बर. समोरून पाहिल्यावर चाक वरच्या बाजूने बाहेर किंवा आत झुकलेलं असणं. ज्या बाजूचं चाक वरून जास्त बाहेर झुकलेलं, त्या बाजूला गाडी ओढते. तिसरा कॅस्टर. सायकलचा पुढचा चिमटा मागे कललेला असतो, म्हणून चाक आपोआप सरळ होतं. गाडीतही तसाच कल असतो. ज्या बाजूला हा कल कमी, तिकडे गाडी ओढते.

आता गंमत अशी की टायर सगळ्यात जास्त खातो तो टो, आणि टो बिघडला तरी गाडी ओढेलच असं नाही. नववी-दहावीची भूमिती वापरून पाहू. चाक अर्धा अंश तिरकं आहे असं धरा. १५ इंची रिमवर हा फरक सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास येतो, नजरेला दिसणारही नाही. पण असं चाक दर किलोमीटरमागे सुमारे ८.७ मीटर आडवं फरफटतं. दिवसाला १०० किलोमीटर गाडी चालली तर जवळपास ८७० मीटर! रोज पाऊण किलोमीटरहून जास्त टायर डांबरावर घासून काढण्यासारखं झालं. म्हणून आठवड्यातून एकदा टायरवर आडवा तळहात फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर टोचा संशय घ्या. खाचांच्या तळाशी १.६ मिलिमीटर उंचीचे छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की टायर बदलायची वेळ झाली.

बऱ्याच गाड्यांमध्ये जागेवर फक्त टो बदलता येतो. पुढे अखंड एक्सल असेल तर कॅम्बर त्या एक्सलच्या घडणीतच ठरलेला असतो. तो बिघडला म्हणजे काहीतरी वाकलंय किंवा झिजलंय. एक्सल तापवून सरळ करून देतो असं कुणी म्हटलं तर नको म्हणा, त्याने लोखंडाची ताकद जाते.

कागद मागा, आणि घरी वाचा

काम झाल्यावर आधीचे आणि नंतरचे आकडे असलेला छापील कागद मागून घ्या. त्यात तीन गोष्टी बघा. एक, दोन्ही बाजूंचे आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का. दोन्ही हिरव्या रंगात, म्हणजे मर्यादेत असले, तरी डाव्या-उजव्यात फरक जास्त असेल तर गाडी ओढूच शकते. दोन, आकडे दशांशात आहेत की अंश-मिनिटांत. ०.३० अंश म्हणजे ३० मिनिटं नव्हेत, १८ मिनिटं, कारण एका अंशात ६० मिनिटं असतात. तीन, स्टेअरिंग सरळ ठेवून मोजलंय का. गाडी सरळ जाताना स्टेअरिंग वाकडं राहत असेल तर काम अर्धवट झालं.

हा कागद घरातल्या शाळकरी मुलाला-मुलीला वाचायला द्या. वहीतले कोन वडिलांच्या कमाईशी कसे जोडलेले आहेत हे त्यांना कळेल, आणि तुम्हाला घरातच एक हिशोबनीस मिळेल.

शेवटी मालकांना एक विनंती. ड्रायव्हर "गाडी ओढते" म्हणाला तर "चालतंय तोवर चालू दे" म्हणू नका. दिवसभर ते स्टेअरिंग त्याच्या खांद्यांनी धरून ठेवलेलं असतं. हवा आणि टायर तपासायला तासभर पुरतो आणि खर्च जवळपास नाही. तेवढी जिम्मेदारी आपली आहे.