एकत्र खरेदी : भाव उतरतो तो कशामुळे?

मंडळी, बाजाराच्या दिवशी तुम्ही सरकी पेंडीचं एक पोतं घेता, तुमचा शेजारी एक घेतो, त्याच्या पलीकडचा एक घेतो. तिघंही निरनिराळी घासाघीस करतात आणि दुकानदार तिघांनाही "खास तुमच्यासाठी" म्हणून दोन-चार रुपये सोडतो. तीच वीस पोती वीस घरांनी मिळून घेतली तर भाव उतरतो, हे आपल्याला ठाऊक आहे. पण तो का उतरतो, याचा विचार आपण फारसा करीत नाही.

व्यापारी वीस माणसं पाहून घाबरतो, असं समजू नका. त्याच्या भावात मालाची किंमत असतेच, पण माल पडून राहतो त्या दिवसांचं व्याज असतं, उंदीर खातात ती घट असते, सुटी मोजणी असते, हमाली असते आणि बुडालेली उधारीही असते. तुम्ही आगाऊ यादी दिलीत, रोख मोजलेत, सगळा माल एकाच ठिकाणी उतरवून घेतलात, तर यातला बराच खर्च त्याचा वाचतो. त्यातला वाटा तो तुम्हाला देतो. म्हणजे सवलत ही त्याची मेहेरबानी नव्हे. तुम्ही अंगावर घेतलेल्या कामाची ती मजुरी आहे. वीस जण जमले पण उधारीच मागू लागले, तर ती नुसती गर्दी झाली!

इंग्लंडमध्ये रॉचडेल नावाचं गाव आहे. तिथल्या अठ्ठावीस जणांनी, त्यांत बरेच विणकर होते, १८४४ च्या डिसेंबरात एक लहानसं दुकान उघडलं. पीठ, लोणी, साखर असला चार जिनसांचा माल. त्या काळी तिथे भेसळ फार चाले. यांनी शुद्ध माल आणि पुरं वजन हा नेम धरला. उधारी बंद. आणि गंमत अशी, की त्यांनी माल स्वस्त विकलाच नाही! बाजारभावानंच विकला. मात्र हिशेब झाल्यावर जो नफा उरे, तो ज्याची जेवढी खरेदी त्याला तेवढ्या प्रमाणात परत दिला. रोज पै-पैशानं वाचलेली रक्कम हातातून निसटते. एकदम मिळालेली साठते. शिवाय भाव पाडण्याची चढाओढ लावून नवं दुकान बुडवायला शेजारच्या दुकानदारांना निमित्त मिळत नाही.

आपल्याकडे मुंबई ग्राहक पंचायतीनं १९७५ पासून दुसरी वाट धरली. तिनं दुकानच थाटलं नाही. शेजारपाजारच्या कुटुंबांचा संघ करायचा, महिन्याची यादी आधी द्यायची, माल एका घरी उतरायचा आणि तो आपापसांत वाटून घ्यायचा. मोजणी आणि वाटणी सभासदांच्याच हातची. सावडीनं पेरणी उरकणाऱ्या गावाला ही रीत परकी वाटू नये.

सगळीच खरेदी अशी फळत नाही, बरं का. युरियाची कमाल किंमत सरकार ठरवतं. तिथे घासाघिशीला जागा थोडी, वाचलं तर गाडीभाडं वाचेल. पेंड, ठिबकच्या नळ्या, शाळेच्या वह्या यांत मात्र खरा वाव आहे. दर निदान तीन ठिकाणी विचारावा, आणि पावतीवर वजन व प्रत लिहून घ्यावी.

खरी अडचण निराळीच आहे. ज्याला सवलतीची गरज सर्वांत जास्त, त्याच्याच गाठीला आगाऊ रोकड नसते. तो दुकानदाराच्या वहीत अडकलेला असतो. उद्या तुमच्या यादीत नाव घातलं तर परवा त्याची उधारी बंद होईल, ही भीती त्याला असते आणि ती खोटी नसते. रॉचडेलच्या त्या मंडळींजवळही पौंड कुठे होता? दर आठवड्याला काही पेन्स, असे करून त्यांनी एकेक पौंडाचा भाग जमवला. आपल्या गावात भिशी चालतेच. सुगीनंतर चार पैसे हाती असतात तेव्हा ती या कामासाठी सुरू करावी, आणि गुरुजींनी तिची वही ठेवावी. पहिल्या खेपेला एकच जिन्नस मागवा, आणि ज्याची जुनी उधारी आहे, त्याच्या नावावर अर्धंच पोतं लिहा.