मुलगी वेब पान बनवते, म्हणजे नेमकं काय करते?

गटांच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न आमच्याकडे वारंवार येतो. मुलगी म्हणते, “मला फ्रंटएंडचं चॅलेंज मिळालंय,” आणि तासन्‌तास कॉम्प्युटरपुढे बसते. हे काम की नुसता टाइमपास? आज तेच समजून घेऊ.

चॅलेंज म्हणजे सरावाला दिलेलं गणित. एका पानाचं चित्र देतात आणि सांगतात, हे चालतं करून दाखव. लेखांची यादी दिसावी, नावावर बोट ठेवलं की पूर्ण लेख उघडावा, नवा लेख टाकता यावा, सुधारता यावा, काढता यावा.

आपला प्रदर्शनातला स्टॉल डोळ्यांसमोर आणा. टेबलावर पापड, लोणचं, मसाले कुठे मांडायचे, ती मांडणी म्हणजे एचटीएमएल. टेबलावरचं कापड, लेबलांचे रंग, अक्षरांचा आकार म्हणजे सीएसएस. गिऱ्हाइकानं भाव विचारला की उत्तर देणारी आपली ताई म्हणजे जावास्क्रिप्ट. समोरून दिसतं ते सगळं फ्रंटएंड. मागची कोठी आणि हिशोबाची वही म्हणजे बॅकएंड.

ही तिन्ही एकदम आली नाहीत. टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडच्या सर्न संस्थेत बनवलेलं पहिलं संकेतस्थळ १९९१ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. तेव्हा नुसती मांडणी होती. जावास्क्रिप्ट १९९५ मध्ये आली, सीएसएसचा पहिला नियमसंच १९९६ मध्ये.

शिकायला महागडं काही लागत नाही. कॉम्प्युटरमधलं साधं नोटपॅड आणि ब्राउझर पुरतो. लिहिलेलं पान तपासायला इंटरनेटही लागत नाही. लागतो तो वेळ. एक स्वल्पविराम चुकला तरी बटण चालत नाही, आणि तो शोधण्यात संध्याकाळ जाते. भाकरी थापायला शिकताना पहिल्या चार भाकऱ्या फाटतातच, तसंच हे.

मुलीचं पान तपासायला आपल्याला कोडिंग यायला नको. चार गोष्टी पाहा. एक, छोट्या मोबाइलवर आडवं न सरकवता वाचता येतं का? दोन, मराठी अक्षरं नीट दिसतात का? चौकोन किंवा भलतीच चिन्हं दिसली, तर पानाला युटीएफ-आठ सांगायचं राहिलं असेल किंवा मराठी फॉन्ट नसेल. तीन, बटण अंगठ्यानं सहज दाबता येतं का? चार, पान पटकन उघडतं का? मोबाइलचा फोटो जसाच्या तसा लावला तर तो तीन-चार एमबीचा असतो. तो लहान करून लावला तर गिऱ्हाइकाचा डेटा वाचतो.

आता महत्त्वाचं. अशा सरावाच्या पानात लिहिलेलं बहुधा त्याच ब्राउझरमध्ये साठतं. मोबाइल बदलला, ब्राउझरची साफसफाई केली, की सगळं गेलं. म्हणून गटाची बचत, कर्ज, हप्ते यांचा हिशोब त्यावर सोडू नका. वही हवीच. दुसरं, फ्रंटएंडमध्ये लिहिलेला मजकूर पान उघडणाऱ्या कुणालाही पाहता येतो, लपवलेला वाटला तरी. त्यात पासवर्ड, आधार क्रमांक, सभासदांचे खाते क्रमांक कधीच घालू नयेत.

या महिन्याच्या बैठकीत एवढं करा. आपल्या गटाच्या तीन वस्तू निवडा. प्रत्येकीची चार ओळींत माहिती लिहा: काय घातलंय, किती दिवस टिकतं, वजन किती, भाव काय. ते मुलीच्या हाती द्या आणि म्हणा, “हेच तुझं चॅलेंज.” मजकूर आपला, मांडणी तिची. त्या दिवसांत तिच्या वाटची धुणीभांडी घरातल्या इतरांनी वाटून घ्यावीत, भावानंसुद्धा. ती कामच करतेय.