‘ढ’ गट, बालसखी आणि डिस्लेक्सिया: वाचनाबद्दलचे काही गैरसमज

“बाई, आमचा पोरगा पाठच्या पाठ घडाघडा वाचतो,” असं वर्सोव्यातल्या पालकसभेत एखादी आई ठासून सांगते, आणि ती खोटं बोलत नसते. धडा वर्गात इतक्यांदा म्हटला गेलेला असतो की तो पोराला तोंडपाठ असतो. त्याच धड्यातल्या मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवून विचारा, तो अडखळेल. म्हणून मुलांचं वाचन तपासणाऱ्या ‘असर’ पाहणीत अनोळखी मजकूर देतात: अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. २०२४ मध्ये देशातल्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी ४८.८ टक्के मुलांनाच ती गोष्ट वाचता आली. ही पाहणी ग्रामीण भागापुरती असते, वर्सोव्याचा आकडा तिच्यात मिळणार नाही. पण म्हणून हे खेड्यातलंच दुखणं समजू नये. त्यावरचा एक गाजलेला उपाय मुंबई महापालिकेच्या शाळांतच घडला.

‘प्रथम’ संस्थेचा तो बालसखी उपक्रम. वस्तीतलीच शिकलेली तरुणी, दोनेक आठवड्यांचं प्रशिक्षण, महिन्याला ५०० ते ७५० रुपये मानधन. तिसरी-चौथीत मागे पडलेली पंधरा-वीस मुलं ती रोज दोन तास वेगळी बसवून शिकवायची. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्यात हा उपक्रम तपासला. मागे पडलेल्या मुलांचे गुण चांगलेच वाढले. “वर्गात गर्दी कमी झाली की आपोआप सुधारतं” हा लाडका समजही तिथेच उघडा पडला. ही मुलं बाहेर गेल्यावर वर्ग सुटसुटीत झाला होता, तरी आत राहिलेल्यांच्या गुणांत फरक दिसला नाही. फायदा झाला तो मुलाला जे येत नाही तिथून शिकवल्यामुळे. माझ्या मते या अभ्यासातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची आहे, आणि तिचीच चर्चा कमी होते.

“वेगळ्या गटात बसवलं म्हणजे ‘ढ’चा शिक्का.” ही भीती अनाठायी नाही, गट वर्षभर तेच राहिले तर शिक्का बसतोच. पण पातळीनुसार शिकवण्यात गट तात्पुरता असतो. थोड्या आठवड्यांनी पुन्हा तपासायचं आणि अक्षरांच्या गटातलं मूल शब्दांच्या गटात न्यायचं. चुकाही एकजात नसतात. ‘होडी’ला ‘हाडी’ वाचणाऱ्याची मात्रा कच्ची आहे. ‘होडी’ला ‘नाव’ म्हणणारा बहुधा चित्र बघून ठोकतोय. दोघांना एकच बाराखडी घोटायला लावून काय उपयोग?

आता उलट टोक: “वाचत नाही म्हणजे डिस्लेक्सिया.” बहुतेक मुलांना नीट शिकवलेलंच नसतं. आधी वर्गातलं चांगलं शिकवणं, मग छोट्या गटात जादा सराव, तरीही गाडी हलत नसेल तर एकेकट्याकडे लक्ष आणि तपासणी, असा हा टप्प्याटप्प्याचा मार्ग. मात्र “मोठा झाला की येईल” म्हणत वर्षं घालवू नयेत. डिस्लेक्सियाचा बुद्धीशी संबंध नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा (डिस्लेक्सिया हा तिचाच एक प्रकार) समावेश आहे, आणि मुंबईत शीव रुग्णालयात तिची तपासणी होते. तपासणीनंतर मिळणाऱ्या प्रमाणपत्रामुळे परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक मिळू शकतो. रोज शेजारी बसून आवाज आणि अक्षर जुळवून घेणारं माणूस मात्र त्यातून मिळत नाही. त्याची सोय शाळेलाच करावी लागते.